रविवारच्या बैठकीत रिचर्ड थॉम्प्सन ऐकवायचाय, सुरुवात कुठून करू?

मल्हार_गंगापूररोड

मंडळी, मदत हवीय. नाशिकमध्ये आमचा एक छोटा श्रवणगट आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, ज्याची पाळी असेल त्याने दीड तास त्याला हवं ते ऐकवायचं, मध्ये चहा, नंतर भांडणं. या वेळी पाळी माझी आहे आणि मी रिचर्ड थॉम्प्सन जाहीर करून बसलोय.

नाव ऐकून गटातल्या एकाचाही चेहरा हलला नाही. एकाने तर "थॉम्प्सन ट्विन्समधला का?" असं विचारलं.

येणारे कोण, ते सांगतो. दोघी रीतसर शास्त्रीय शिकलेल्या. तिघं पिंक फ्लॉइड आणि डीप पर्पलवर वाढलेले, त्यांना वाटतं रॉक १९८० ला संपला. एक ढोल पथकातला पोरगा. आणि माझे सासरे, जे इंग्रजी गाणं सुरू झालं की पेपर उघडतात.

माणूस १९४९ चा, लंडनचा, गिटारवाला, गाणी लिहिणारा आणि गाणारा. १९६७ मध्ये, जेमतेम अठराव्या वर्षी, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा फोक-रॉक बँड सुरू करणाऱ्यांपैकी एक. 'शिप टु शोअर' हा अल्बम २०२४ चा. एवढ्या पसाऱ्यातून दीड तास काढायचा कसा? मी चाहता, मला त्याचं पडसंसुद्धा गोड लागतं, त्यामुळे माझी निवड कामाची नाही.

एकच विनंती: "सगळंच भारी" म्हणू नका. गाणं सांगा आणि ते का, ते सांगा.

फ्लॉइडभक्त_७३

सोप्पंय. 'डिमिंग ऑफ द डे' आधी पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मूरच्या आवाजात लावायचं. २००१-०२ च्या त्याच्या मैफिलींत त्याने ते गायलंय. तुमचे तिघं फ्लॉइडवाले लगेच सरसावून बसतील. मग सांगायचं की हे थॉम्प्सनचं, १९७५ चं, आणि मूळ लावायचं. मूळ गाणं त्याची तेव्हाची बायको लिंडा थॉम्प्सन गाते. गिल्मूरचं ऐकल्यावर तिचा आवाज जास्त लागतो, कारण ती काही सजवत नाही.

सिडकोची_सायली

गिल्मूरचा टेकू कशाला? त्याने गाणं नीटच गायलंय, पण मग संध्याकाळभर लोक "गिल्मूरने गायलेला तो" असंच म्हणत बसतील. मी असते तर एकटा माणूस आणि एक अकूस्टिक गिटार, इथून सुरू केलं असतं: '१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग'. १९९१ च्या 'रूमर अँड साय'मधलं.

कुणाला काही सांगू नका. गाणं संपलं की विचारा, "किती जण वाजवत होते?" निदान दोन उत्तर येईल, पैज लावते.

मी हे बसवायच्या मागे आहे म्हणून जरा आतलं सांगते. सहावी तार ई वरून खाली सी वर, पाचवी ए वरून जी वर, बाकीच्या चार जागच्या जागी. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, तिसऱ्या घरात. अंगठा आणि तर्जनीत पिक (नखी) धरून तो खालच्या तारांवर खर्जाची पळती ओळ वाजवतो, आणि त्याच हाताची मधली नि अनामिका वरच्या तारांवर सूर खुडत असतात. बहुतेक लोक एक तर पिकने वाजवतात, नाही तर बोटांनी. हा दोन्ही एकदम. त्यात वर गातोही, आणि गाण्याची लय गिटारच्या लयीवर बसत नाही, तिच्या पुढेमागे खेळते. मला गिटार जमते तेव्हा तोंड बंद पडतं.

कुणी प्रयत्न करणार असेल तर: साध्या सेटची सहावी तार सी वर नेली की ढिली पडते आणि पट्टीवर खरखरते. जाड तार घाला.

जुना_बुलेटवाला

व्हिन्सेंटचं नाव निघालं, आता मला गप्प बसवू नका.

स्टीव्हनेजचा कारखाना, ९९८ सीसी, व्ही-ट्विन. ब्लॅक लाइटनिंग हे रेसिंगसाठीचं मॉडेल, जेमतेम तीसेक गाड्या बनल्या. १९४८ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर रॉली फ्री नावाचा गडी पोहण्याच्या चड्डीवर, गाडीवर पालथा आडवा झोपून ताशी १५० मैलांच्या वर गेला, ती गाडी म्हणजे या मॉडेलची आधीची आवृत्ती. १९५५ ला कंपनीने मोटारसायकली बनवणं बंद केलं.

आता गाणं. जेम्स हा दरोडेखोर पोरगा, मॉली ही लाल केसांची मुलगी, तिला मागे बसवून तो बॉक्स हिलला नेतो. बॉक्स हिल म्हणजे सरेमधली टेकडी, रविवारी बायकर जमतात ती. आपल्याकडे रविवारी सकाळी मिसळीच्या निमित्ताने त्र्यंबक रोडला गाड्यांची रांग लागते ना, तसलीच जागा. पुढे दरोड्यात गोळी लागते, आणि मरताना तो गाडी तिला देतो. बस, एवढंच. पण लक्ष द्या, प्रेमाबद्दल तो फार बोलत नाही, गाडीबद्दल बोलतो. तिला काय वाटत असेल ते तुम्हाला गाडीच्या वर्णनातून कळतं. आमच्यासारख्यांचं असंच असतं, बायकोला विचारा.

अमेरिकेत डेल मकोरीने हे ब्लूग्रासमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकसंगीताच्या ढंगात, गायलं आणि बॉक्स हिलचं नॉक्सव्हिल करून टाकलं. गावाचं नाव बदललं तरी गोष्ट जशीच्या तशी उभी राहते. २०११ मध्ये टाइम साप्ताहिकाने १९२३ पासूनच्या शंभर गाण्यांच्या यादीत ते घेतलं होतं.

तिसरी_घंटा

सायलीची सुरुवात मान्य. पुढचा क्रम मात्र साल लावून नेऊ नका. अमुक साली जन्म, तमुक साली बँड, असं झालं की सासरेबुवा पेपर उघडणारच, आणि तो दोष त्यांचा नसेल.

माझ्या मते या माणसाबद्दल सांगण्यासारखी मूळ गोष्ट अशी: त्याच्या पिढीतले बहुतेक इंग्रज गिटारवाले ब्लूज शिकून मोठे झाले. क्लॅप्टन, पेज, बेक, सगळे. थॉम्प्सनने कान दुसरीकडे लावला. वडील स्कॉटिश, पोलिसात डिटेक्टिव्ह, घरात जॅझच्या रेकॉर्ड्स. आणि फेअरपोर्टमध्ये आल्यावर इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी लोकगीतं, बॅगपाइप, फिडल, अकॉर्डियन. त्याची इलेक्ट्रिक गिटार ऐका. सूर ताणताना तो ब्लूजच्या ठरलेल्या जागांवर जात नाही, पाइपवाल्यांसारख्या हरकती घेतो, आणि खाली एखादी तार सतत वाजती ठेवतो.

त्याची दोन उदाहरणं लावा. एक, 'अ सेलर्स लाइफ', १९६९ च्या 'अनहाफब्रिकिंग'मधलं, अकरा मिनिटांचं. सँडी डेनी गाते, डेव्ह स्वॉरब्रिकचं फिडल, आणि थॉम्प्सनची गिटार हळूहळू त्या फिडलच्या अंगाला अंग लावून चालायला लागते. तेव्हा तो एकोणीस-वीस वर्षांचा. (तुमच्या रॉकवाल्यांना सांगा, लेड झेपेलिनच्या 'बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये प्लँटबरोबर जी बाई गाते, ती हीच सँडी डेनी.)

दुसरं, 'कॅल्व्हरी क्रॉस'. स्टुडिओतलं १९७४ चं आहे, पण तुम्ही 'गिटार, व्होकल' या १९७६ च्या संग्रहातलं लाइव्ह घ्या, तेराएक मिनिटांचं. त्यात फार काही घडत नाही असं पहिली पाच मिनिटं वाटतं. वाटू द्या.

ढोलकरी

तेरा मिनिटं? दादा, आम्ही मिरवणुकीत एक हात एवढा वेळ वाजवत नाही.

आलापिनी

तिसरी_घंटा, मी तुमचं वाचून आत्ता तेच लाइव्ह ऐकलं. थॉम्प्सन आधी कधीच ऐकला नव्हता. मी शास्त्रीयवाली आहे, त्यामुळे मल्हारच्या गटातल्या त्या दोघींच्या वतीने बोलते.

आम्हाला रॉक गिटार ऐकताना एक अडचण नेहमी येते: सूर टिकत नाही, कॉर्ड सारखी बदलत राहते, कानाला बसायला जागा मिळत नाही. इथे ती मिळते. तळाला जवळजवळ एकच षड्ज धरलेला आहे आणि वरची गिटार त्याच्याभोवती फिरते. खालून सूर उचलून वर नेताना तो घाई करत नाही. मध्ये थांबतो, परत येतो, पुन्हा त्याच जागेवर थोडा वेगळा जातो. मी याला राग म्हणणार नाही, उगाच जवळीक दाखवायला मला आवडत नाही. पण आमच्यासारख्यांना आत यायला दार आहे ते हेच. त्या दोघींना आधी काही सांगू नका, फक्त आवाज पुरेसा ठेवा. तळाचा सूर लहान स्पीकरवर मरतो.

देवळाली_कॅम्प

'डिमिंग ऑफ द डे' लावणार असाल तर लगेच बंद करू नका. 'पोअर डाउन लाइक सिल्व्हर'वर त्याला जोडूनच 'दर्गई' नावाचा तुकडा येतो, नुसत्या अकूस्टिक गिटारवर. चाल स्कॉटिश फिडलवादक जेम्स स्कॉट स्किनरची. दर्गई म्हणजे वायव्य सरहद्दीवरचा तिराहचा डोंगर, १८९७ ची लढाई, गॉर्डन हायलँडर्सची पलटण. आता पाकिस्तानात. आमच्या कॅम्पात वाढलेल्याला अशी नावं कुठेही दिसली की थांबायला होतं. स्कॉटलंडच्या फिडलवर सरहद्दीचा डोंगर, आणि तो लंडनच्या एका पोराच्या गिटारवर.

आलापिनी

त्याच अल्बमवर 'नाइट कम्स इन' आहे, तेही ऐकलं. हे सूफी आहे का? शब्दांत तसा भास होतो.

तिसरी_घंटा

भास नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर रिचर्ड आणि लिंडा दोघंही लंडनमधल्या एका सूफी जमातीत गेले. त्याने इस्लाम स्वीकारला, आजही तो त्यातच आहे. मध्ये काही काळ व्यावसायिक संगीतापासून दूर राहिला. 'नाइट कम्स इन'मधलं ते फिरत फिरत जाणं जिक्रच्या, म्हणजे देवाचं नाव पुन्हा पुन्हा घेण्याच्या, मैफिलीतलं आहे. आणि गंमत बघा, गाणं वाजतं इंग्लिश फोक-रॉकसारखंच. कुठे सतार नाही, तबला नाही. त्या काळात पूर्वेकडे वळलेला प्रत्येक जण पहिल्यांदा सतार विकत घेत होता.

फ्लॉइडभक्त_७३

सगळं ठीक, पण 'शूट आउट द लाइट्स'चं नावच कुणी घेत नाही! १९८२. रोलिंग स्टोनने त्या दशकाच्या शंभर अल्बममध्ये नववा ठेवला होता. संसार मोडत असताना केलेला अल्बम. एकेक गाणं म्हणजे सुरी.

तिसरी_घंटा

अल्बम थोरच. पण ती संसार मोडल्याची गोष्ट ऐकवून लावू नका. बरीचशी गाणी लग्न मोडायच्या आधीच लिहिलेली होती. आधी गायक गेरी रॅफर्टीकडे सगळा अल्बम ध्वनिमुद्रित झाला, तो नापसंत ठरला, मग निर्माता जो बॉयडने थोड्याच दिवसांत नव्याने करून घेतला. बाहेर आला तोवर दोघं वेगळे झालेले, आणि तरी एकत्र अमेरिकेचा दौरा केला. त्या दौऱ्यामुळे दंतकथा झाली. लोक आता 'वॉकिंग ऑन अ वायर' ऐकताना गाण्याऐवजी यांच्या घरात डोकावतात. ते गाणं लिंडा गातेय, शब्द त्याचे आहेत. स्वतःवरचे आरोप स्वतःच लिहून बायकोला गायला देणारा माणूस, असं सगळे म्हणतात. असेल. मला तिचा श्वास ऐकू येतो. मुद्रणाच्या वेळी ती गरोदर होती. एवढंच ऐका.

तुमच्या पर्पलवाल्यांसाठी त्याच अल्बमचं शीर्षकगीत. त्यातल्या सोलोत तो गिटारकडून जे काढतो, ते सुरेल म्हणायला धजावणार नाही कुणी, पण हलायची हिंमत होत नाही.

ढोलकरी

माझ्यासाठी काही आहे का नाही?

सिडकोची_सायली

आहे ना. 'मॅटी ग्रोव्ह्ज', १९६९ चं, 'लीज अँड लीफ'वरचं. जुनी, सतराव्या शतकापासून चालत आलेली कथा: सरदाराची बायको, तिचा प्रियकर, आणि मग तलवारी. आठ मिनिटं. गोष्ट संपली की शब्द थांबतात आणि नुसती धावाधाव सुरू होते, फिडल आणि गिटार एकमेकांच्या मागे. ड्रमवर डेव्ह मॅटॅक्स. तो भरत नाही, हाणत नाही, जागा ठेवतो. तुला ऐकून राग येईल की हा एवढा कमी का वाजवतोय. मग कळेल.

आणि तरी नाचायचं असेल तर १९८३ चं 'टीअर स्टेन्ड लेटर'. सॅक्सोफोन, अकॉर्डियन, सगळं.

तिसरी_घंटा

'लीज अँड लीफ'ची पार्श्वभूमी ढोलकऱ्याला सांगा हवं तर. मे १९६९ मध्ये कार्यक्रम करून परत येताना एम-वन महामार्गावर फेअरपोर्टची गाडी उलटली. ड्रमवाला मार्टिन लँबल गेला, एकोणीस वर्षांचा होता. थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. जे वाचले त्यांनी ठरवलं की जुनी गाणी पुन्हा वाजवायची नाहीत. मग देशाची लोकगीतं धुंडाळली, नवा ड्रमर घेतला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'लीज अँड लीफ' आला. बैठकीत हे सांगायचं की नाही, ते मल्हारने ठरवावं. मी असतो तर गाणं झाल्यावर सांगितलं असतं, आधी नाही.

पाथर्डीफाटा

तुम्ही सगळे त्याला "उपेक्षित" करून का ठेवताय? २०११ मध्ये ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. रोलिंग स्टोनच्या २००३ च्या गिटारवाल्यांच्या यादीत एकोणिसावा. बॉनी रेट गाते, आर.ई.एम.ने 'वॉल ऑफ डेथ' केलंय. पन्नासहून अधिक वर्षं पोट भरतंय संगीतावर, सभागृहं भरतात. आपल्याला माहीत नव्हता म्हणून तो बिचारा होत नाही.

तिसरी_घंटा

शंभर टक्के. "उपेक्षित" हा चाहत्यांचा लाडका शब्द आहे, त्यात आपलाच मान वाढतो. तरी एक खरं: रेकॉर्डच्या दुकानाला तो कुठल्या कप्प्यात ठेवायचा, हे कधी कळलं नाही. फोकवाल्यांना फार आवाजी, रॉकवाल्यांना फार कोरडा, आणि रेडिओला फार उदास. १९७२ चा पहिला एकल अल्बम 'हेन्री द ह्यूमन फ्लाय' इतका कमी खपला की वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीचा सर्वांत न खपलेला अल्बम अशी त्याची दंतकथाच झाली. मोठं हिट गाणं असं एकही नाही. याला तो स्वतः जबाबदार आहे, आणि मला वाटतं त्याची त्याला फिकीरही नाही. १९९९ मध्ये प्लेबॉय मासिकाने त्याला सहस्रकातली उत्तम गाणी विचारली. त्यांना अपेक्षा असणार गेल्या तीसचाळीस वर्षांची. याने खरोखरच हजार वर्षांची यादी दिली. छापली गेली नाही, पण त्यातून त्याने 'थाउजंड इयर्स ऑफ पॉप्युलर म्युझिक' हा कार्यक्रम उभा केला. सुरुवात मध्ययुगीन इंग्लंडच्या गाण्याने, आणि पुढे चक्क ब्रिटनी स्पिअर्स. आणि ब्रिटनीचं गाणं चेष्टा म्हणून नाही, गाणं म्हणून.

मल्हार_गंगापूररोड

हे वाचूनच अर्धी बैठक झाली माझी. सासऱ्यांचं राहिलं. ते नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. तलत, हेमंतकुमार, आणि शनिवारी रात्री जुना जॅझ, हो जॅझ, कुठून लागलं देव जाणे.

तिसरी_घंटा

मग प्रश्नच मिटला! 'अल बोलीज इन हेवन', १९८६ च्या 'डेअरिंग अॅडव्हेंचर्स'मधलं. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला एक म्हातारा, आता रस्त्यावर झोपतोय आणि तरुणपणीचे नाचाचे हॉल आठवतोय. अल बोली हा त्या काळचा डान्सबँडचा लाडका गायक, १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात गेला. चाल अगदी त्या जमान्यातल्या जॅझची, हलकी, डोलायला लावणारी, आणि शब्द एकेक पाऊल खाली नेणारे. त्यांना गोष्ट मराठीत आधी सांगा, दोन मिनिटांत. बाकीच्या गाण्यांना प्रस्तावना नको, याला हवी.

जुना_बुलेटवाला

आणि 'बीझविंग' शेवटी. १९९४. एका जागी न टिकणारी मुलगी आणि तिला घर देऊ पाहणारा मुलगा. ज्याला व्हिन्सेंट आवडेल त्याला हे आवडेलच.

सिडकोची_सायली

शेवटी नको, प्लीज. दोन्ही अकूस्टिक गिटारवरच्या गोष्टी, एक पहिलं असेल तर दुसरं मध्यावर, चहाच्या आधी. शेवटी 'मीट ऑन द लेज'. १९६८ चं, एकोणीस वर्षांच्या पोराने लिहिलेलं. फेअरपोर्टचा क्रॉप्रेडीचा महोत्सव दरवर्षी याच गाण्याने संपतो.

पाथर्डीफाटा

म्हणूनच नको. तिथे हजारो लोक एकत्र गातात म्हणून ते शेवटचं आहे. तुमच्या दिवाणखान्यात दहा माणसांत, ज्यांना शब्द येत नाहीत, ते रडवायला लावल्यासारखं होईल. शेवटी नवं काहीतरी लावा, २०१८ चं 'थर्टीन रिव्हर्स' किंवा 'शिप टु शोअर'मधलं. सत्तरी-पंचाहत्तरीचा माणूस अजून असा वाजवतो, हे आपोआप कळेल.

मल्हार_गंगापूररोड

ठरवलं. ऐका:

व्हिन्सेंट, काही न बोलता. मग 'मॅटी ग्रोव्ह्ज', अपघाताची गोष्ट त्यानंतर. 'अल बोली' सासऱ्यांसाठी, प्रस्तावनेसह. 'बीझविंग'. चहा. चहानंतर दिवे मंद करून 'कॅल्व्हरी क्रॉस', तेराच्या तेरा मिनिटं, मोठ्या स्पीकरवर. 'वॉकिंग ऑन अ वायर' आणि 'शूट आउट द लाइट्स' लागोपाठ. 'डिमिंग ऑफ द डे' लिंडाचं, 'दर्गई'सकट. गिल्मूर नाही, क्षमस्व फ्लॉइडभक्त. शेवटी 'शिप टु शोअर'मधलं एक, कुठलं ते शनिवारी ठरवतो. 'नाइट कम्स इन' बसत नाही दीड तासात, ते चहाच्या वेळी कुणी विचारलं तर.

फ्लॉइडभक्त_७३

गिल्मूर चहाच्या वेळी मागे लावा. हळू आवाजात. कुणाला कळणार नाही.

आलापिनी

चहाच्या वेळी काहीही लावू नका. 'कॅल्व्हरी क्रॉस'च्या आधी कान रिकामे हवेत.

ढोलकरी

मी येऊ का? म्हणजे तुमच्या गटातला पोरगा वेगळा, मी वेगळा. पण मॅटॅक्स मोठ्या स्पीकरवर ऐकायचाय.

मल्हार_गंगापूररोड

या ना. सायली, तूही ये, गिटार घेऊन, म्हणजे दोघं वाजवत नाहीयेत हे दाखवता येईल. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. पाऊस असाच राहिला आणि गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं तर पंचवटीकडून येणाऱ्यांनी आधी फोन करा, बैठक पुढच्या रविवारी ढकलू.

सिडकोची_सायली

येते. पण गाणार नाही, आधीच सांगते.